बिनमालकीच्या भूमीचे दप्तर

६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ नावाचे जहाज सुटले. त्यावर एकवीस भारतीय होते. मोहीम गुप्त ठेवलेली होती आणि तिचे नाव होते ‘ऑपरेशन गंगोत्री’. जहाज भाड्याचे, नॉर्वेचे. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी अंटार्क्टिकाच्या ज्या किनाऱ्यावर उतरली, त्या मुलखाला राणी मॉडची भूमी म्हणतात. ही राणी नॉर्वेची, आणि हा मुलूख आपलाच असल्याचे नॉर्वे १९३९ पासून सांगत आला आहे. ज्याचे जहाज भाड्याने घेतले त्याच्याच दाव्यातल्या जमिनीवर भारताने पाय ठेवला, आणि त्यात बेकायदा असे काहीही नव्हते.

राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, म्हणजे वास्कोच्या हेडलँड सड्यावरची ‘एनसीपीओआर’, कागदोपत्री १९९८ साली जन्मली. तरी तिचा इतिहास या भाड्याच्या जहाजापासूनच सांगावा लागतो. मोहिमेचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम हे त्याआधी दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते. १९८१ मध्येच निघालेल्या महासागर विकास विभागाचे ते सचिव झाले. हा विभाग थेट पंतप्रधान इंदिरा गांधींच्या अखत्यारीत होता. माणसे गोव्यातली, बंदर गोव्यातले, सामान बांधायची सोय गोव्यात. म्हणून पुढे संस्थाही गोव्यात आली. तिने चालवलेला कारभार मात्र अशा जमिनीचा, जिच्यावर आपण कधी हक्क सांगितला नाही आणि दुसऱ्या कोणाचा मानलाही नाही.

ही भूमिका कुठून आली, ते थोडे मागे जाऊन पाहू. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. त्यांपैकी ब्रिटन, न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली आणि अर्जेंटिना या सात देशांनी त्याआधीच खंडाचे तुकडे आपापल्या नावावर मांडून ठेवले होते. ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना यांचे तुकडे तर एकमेकांवर चढलेले. कराराच्या चौथ्या कलमाने हे भांडण सोडवले नाही, गोठवले. जुना दावा कोणी सोडलेला नाही, तो इतरांनी मान्य केला असेही नाही. आणि करार चालू आहे तोवर तिथे काहीही केले तरी नवा हक्क तयार होत नाही की जुना पक्का होत नाही. कोर्टाने ‘जैसे थे’ दिलेल्या वडिलोपार्जित जमिनीत भाऊबंद वावरतात, तसे हे देश तिथे वावरतात. करार २३ जून १९६१ रोजी अमलात आला. त्याच वर्षीच्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. दक्षिण ध्रुवावर सार्वभौमत्वाचा प्रश्न ज्या वर्षी बासनात गुंडाळला गेला, त्याच वर्षी मांडवी-झुवारीच्या काठी तो सैन्य पाठवून निकालात निघाला.

भारत या करारात सुरुवातीला नव्हता, पण अंटार्क्टिकाबद्दल गप्पही नव्हता. १९५६ साली भारताने ‘अंटार्क्टिकाचा प्रश्न’ संयुक्त राष्ट्रांच्या विषयपत्रिकेवर घ्यावा अशी मागणी केली. खंड शांततेच्या कामासाठीच वापरला जावा, तिथे अणुचाचण्या होऊ नयेत, हे भारताचे म्हणणे होते. अशा स्फोटांनी हवामान बिघडले तर आपल्या पावसाचे काय, ही काळजी त्यामागे होती. पर्यावरणाचे राजकारण हा शब्दप्रयोग रूढ होण्याच्या कितीतरी आधी मान्सूनवर जगणाऱ्या देशाने तो मुद्दा मांडला होता. चिली-अर्जेंटिनाला तो रुचला नाही, ब्रिटनलाही नाही. भारताने मागणी मागे घेतली, १९५८ मध्ये पुन्हा मांडली, पुन्हा मागे घेतली. पुढच्याच वर्षी बारा जणांनी आपसात करार केला.

म्हणून १९८३ सालचा निर्णय मला या इतिहासातला सर्वांत अवघड वाटतो. त्याआधीच्या वर्षी मलेशियाने संयुक्त राष्ट्रांत तक्रार केली होती की अंटार्क्टिकाचा कारभार मूठभर देशांच्या हाती आहे आणि हा खंड सगळ्या मानवजातीचा ठेवा मानला पाहिजे. मार्च १९८३ मध्ये अलिप्त राष्ट्रांची परिषद दिल्लीत भरली आणि तिच्या जाहीरनाम्यातही अंटार्क्टिका आला. यजमान भारत मात्र १९ ऑगस्टला त्याच मूठभरांच्या करारात सामील झाला आणि १२ सप्टेंबरला ब्राझीलबरोबर ‘सल्लागार सदस्य’, म्हणजे मताचा अधिकार असलेला सभासद, झाला. मताधिकारासाठी करारात अट एकच: तिथे भरीव संशोधन करून दाखवा. कासिम यांची मोहीम आणि तिच्यामागून गेलेली व्ही. के. रैना यांची दुसरी मोहीम, या दोहोंनी ते भागले. बाहेर राहून तत्त्व सांगत बसायचे की आत जाऊन खुर्ची पकडायची, यात भारताने खुर्ची निवडली. त्याला दुटप्पीपणा म्हणणारे होते. पण आत गेल्यावर भारताने जमिनीवर दावा सांगितला नाही, हे जमेच्या बाजूला धरायला हवे. मलेशियाही २०११ मध्ये करारात आला.

तिसऱ्या मोहिमेत हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले केंद्र उभे राहिले. याच मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या दोन शास्त्रज्ञ स्त्रिया होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया त्याच. अदिती पंत समुद्रविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या, नागपुरात जन्मलेल्या आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या. नॉर्वेने राणी मॉडच्या भूमीवर शिक्का मारला तेच १९३९ साल औंधच्या राजाने आपली सत्ता रयतेच्या हाती देणाऱ्या राज्यघटनेचे. त्यांचे चिरंजीव अप्पा पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले आणि अप्पांची ही मुलगी त्या हिमभूमीवर पोचली. स्मरणिकेत एवढे विषयांतर चालावे.

दक्षिण गंगोत्री बर्फाच्या तरंगत्या पट्टीवर बांधलेली होती आणि वर्षागणिक बर्फाखाली गेली. १९९० मध्ये तिचा मुक्काम संपला. त्याआधीच, १९८९ मध्ये, शिर्माकर टेकड्यांच्या उघड्या खडकावर ‘मैत्री’ उभी राहिली आणि शेजारच्या तळ्याला प्रियदर्शिनी हे नाव पडले. शिर्माकर हा १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतला वैमानिक. त्या मोहिमेने विमानांतून स्वस्तिकाची खूण असलेले ॲल्युमिनियमचे भाले बर्फावर टाकले होते, हक्क नोंदवण्यासाठी. नॉर्वेने घाईघाईने १९३९ मध्ये दावा जाहीर केला तो या जर्मनांच्या आधी हात मारावा म्हणूनच. आज भारतीय माणसे ज्या टेकड्यांवर हिवाळा काढतात त्यांचे नाव हे असे आले आहे.

हक्क नोंदवण्याचा याहून सौम्य मार्ग टपालाचा. अर्जेंटिनाने १९०४ साली दक्षिण ऑर्कनी बेटांवर टपाल कचेरी उघडली आणि आपल्या दाव्याच्या पुराव्यांत ती आजही मोजली जाते. भारताने १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीला टपाल कचेरी दिली, ती गोव्याच्या टपाल विभागाखाली. मैत्रीला १९९० मध्ये आली. आणि ५ एप्रिल २०२४ रोजी ‘भारती’ या पुढे उभ्या राहिलेल्या केंद्रावर तिसरी उघडली, तिचे उद्घाटन महाराष्ट्र परिमंडळाच्या मुख्य पोस्टमास्तर जनरलांनी दूरचित्रसंवादाने केले. पिनकोड मिळाला एमएच-१७१८. पत्रे आधी वास्कोला संस्थेत येतात, तिथून मोहिमेबरोबर जातात, तिकडचा शिक्का लागून परत येतात. महाराष्ट्राच्या आद्याक्षरांचा पिनकोड ऑस्ट्रेलियाच्या दाव्यातल्या जमिनीवर चालतो आणि त्यावर कोणाला काही म्हणता येत नाही, कारण चौथ्या कलमाप्रमाणे या शिक्क्याला हक्काच्या बाबतीत किंमत शून्य. तिकिटे जमवणाऱ्यांना तो हवाहवासा असतो, ही गोष्ट वेगळी.

ऐंशीच्या दशकात या खंडाचे खरे भांडण जमिनीवरून खनिजांकडे सरकले. १९८८ मध्ये वेलिंग्टन इथे सदस्य देशांनी खाणकामाचे नियम ठरवणारा करार तयार केला. म्हणजे खाणी होणार हे गृहीत धरून! पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स या दोन दावेदारांनी त्याला नकार दिला आणि तो बारगळला. त्याच्या जागी आला माद्रिदचा पर्यावरण प्रोटोकॉल: ४ ऑक्टोबर १९९१ रोजी सही, १४ जानेवारी १९९८ पासून लागू. त्याने खाणकामावर बंदी घातली आणि प्रत्येक मोठ्या बांधकामाआधी पर्यावरणावरच्या परिणामांचे सविस्तर मूल्यमापन करून ते सगळ्या सदस्यांपुढे ठेवणे सक्तीचे केले. ‘२०४८ मध्ये ही बंदी संपते’ असे वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येते, ते चूक आहे. पन्नास वर्षांनंतर कोणताही सल्लागार सदस्य फेरविचाराची परिषद मागू शकतो, इतकेच. खाणकामाला बांधणारी दुसरी व्यवस्था लागू झाल्याखेरीज बंदी उठत नाही.

हा प्रोटोकॉल लागू झाला त्याच वर्षी, २५ मे १९९८ रोजी, ‘राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्र’ या नावाने संस्थेची नोंदणी झाली. संस्थापक संचालक डॉ. प्रेमचंद पांडे. तोवर मोहिमा विभागाच्या आदेशांवर आणि निरनिराळ्या संस्थांकडून उसन्या घेतलेल्या माणसांवर चालत. आता मोहिमेची आखणी, जहाजाचे भाडे, थंडीचे कपडे, डिझेल, प्रयोगशाळा आणि परत आणायचा कचरा हे सारे एका छपराखाली आले. ही वेळ मला महत्त्वाची वाटते. नव्या व्यवस्थेत देशाची पत झेंड्याच्या काठीवर ठरत नव्हती. तुम्ही किती शोधनिबंध दिले, सांडपाण्याचे काय केले, रिकामी पिंपे कुठे गेली, यावर ठरत होती. हे सगळे लिहून ठेवणारे कायमचे दप्तर भारताला हवे होते, आणि ते वास्कोत बसले.

विज्ञानाबद्दल इथे थोडक्यातच लिहितो, कारण शास्त्रज्ञांचे लेख याच स्मरणिकेत आहेत. उणे वीस अंशांत बर्फाचे गाभे जपणारी प्रयोगशाळा, ‘सागर कन्या’ या संशोधन जहाजाचे व्यवस्थापन, दक्षिण महासागराच्या मोहिमा, डॉ. रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर २०१० मध्ये दक्षिण ध्रुवापर्यंत गेलेली तुकडी, २०१६ मध्ये स्पितीत उघडलेले ‘हिमांश’ केंद्र. ‘अंटार्क्टिक’च्या जागी ‘ध्रुवीय’ हा शब्द नावात २०१८ मध्ये आला, तेव्हा डॉ. एम. रविचंद्रन संचालक होते.

एका कामाविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण ते फारसे कोणी सांगत नाही. समुद्राच्या कायद्याप्रमाणे किनाऱ्याचा देश दोनशे सागरी मैलांपलीकडच्या खंडमंचावरही हक्क सांगू शकतो, पण समुद्रतळाखालच्या गाळाची जाडी आणि उतार मोजून दाखवावे लागतात. भारतासाठी हे मोजमाप याच संस्थेने पाहिले आणि ११ मे २००९ रोजी, मुदतीला दोन दिवस उरले असताना, बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांबद्दलचा भारताचा दावा न्यूयॉर्कच्या आयोगापुढे दाखल झाला. शेजारी देशांनी आक्षेपही घेतले. त्याच महिन्यात, ४ मे रोजी, नॉर्वेने राणी मॉडच्या भूमीलगतच्या समुद्रतळाची कागदपत्रे त्याच आयोगाकडे दिली, आणि सोबत विनंती केली की सध्या त्यांवर विचार करू नये. ऑस्ट्रेलियाने २००४ मध्ये तेच केले होते. हक्क सोडायचा नाही, वापरायचाही नाही, पण मुदत चुकवायची नाही! भारताने दोघांनाही लेखी कळवले की अंटार्क्टिकावरचा कोणाचाही प्रादेशिक हक्क आपण मानत नाही आणि म्हणून तिथल्या समुद्रतळावरचाही मानत नाही. म्हणजे एकाच वर्षात आपण आपल्या समुद्रात रेघ पुढे सरकवत होतो आणि दक्षिणेत दुसऱ्याची रेघ नाकारत होतो. कायद्याने यात विसंगती नाही. पण रेघ कशी मारली जाते हे जाणणाऱ्या संस्थेलाच ती खोडायची कधी हेही कळते, असे मला वाटते.

भारतीची कहाणी ही या सगळ्याची कसोटी होती. लार्समन टेकड्या हा पूर्व अंटार्क्टिकातला खडकाळ, तळ्यांनी भरलेला, लहानसा भाग. ऑस्ट्रेलियाच्या दाव्यात येतो. ऑस्ट्रेलियाचा दावा सबंध खंडाच्या ४२ टक्क्यांवर आहे. तिथे चीनचे चोंगशान, रशियाचे प्रोग्रेस आणि ऑस्ट्रेलिया-रुमेनियाचे लॉ-राकोवित्सा ही केंद्रे आधीच होती. भारताला जागा हवी होती ती भूगर्भशास्त्रासाठी: गोंडवन फुटण्याआधी भारताचा पूर्व किनारा याच बाजूला चिकटलेला होता. एवढ्याशा भागात आणखी एक केंद्र कशाला, हा प्रश्न विचारला गेला, आणि तो गैर नव्हता. २००७ च्या एप्रिल-मे महिन्यांत कराराची तिसावी सल्लागार बैठक दिल्लीत भरली. त्याच बैठकीत या टेकड्यांना ‘विशेष व्यवस्थापन क्षेत्र’ ठरवले गेले आणि भारताने आपल्या केंद्राचे पर्यावरण मूल्यमापनही तिथेच मांडले. यजमानाने आपलेच घर तपासणीला उघडे करावे, असा तो प्रसंग.

पर्यावरणाचे संरक्षण हे ध्रुवांवर सत्तेचेही साधन असते, हे इथे नीट दिसते. ज्याला जमिनीचा मालक म्हणता येत नाही, तो तिचा राखणदार होऊन नियम सुचवतो. इतरांना नियम मोडता येत नाहीत, कारण नियम चांगलाच असतो. भारत हे शिकला. २००५ मध्ये मैत्रीजवळची दक्षिण गंगोत्री हिमनदी भारताच्या प्रस्तावावरून संरक्षित क्षेत्र झाली होती. २०१४ मध्ये भारतीच्या शेजारचे स्टॉर्नेस द्वीपकल्प ऑस्ट्रेलिया, चीन, भारत आणि रशिया यांच्या संयुक्त प्रस्तावाने संरक्षित झाले. भारती स्वतः १३४ मालवाहू कंटेनर जोडून, उद्या सुटे करून परत नेता येतील अशा रीतीने बांधली गेली आणि १८ मार्च २०१२ रोजी सुरू झाली.

उत्तरेची गोष्ट वेगळी. तिथे मध्ये समुद्र आणि भोवती देश. सार्वभौमत्व गोठलेले नाही, चांगले जागे आहे. २ ऑगस्ट २००७ रोजी रशियाने उत्तर ध्रुवाच्या तळाशी टायटॅनियमचा झेंडा रोवला. त्याच महिन्यात डॉ. रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली आर्क्टिक मोहीम स्वालबार्डला गेली. १ जुलै २००८ रोजी नी-ओलेसुंदला ‘हिमाद्री’ सुरू झाले, २०१४ मध्ये तिथल्या फ्योर्डमध्ये उपकरणांची माळ सोडली गेली, आणि डिसेंबर २०२३ पासून भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवीय रात्रीतही तिथे राहू लागले. स्वालबार्डवर नॉर्वेचे राज्य आहे, निर्विवाद. पण १९२० च्या पॅरिस करारातल्या सह्याकर्त्या देशांना तिथे उद्योगधंद्यात समान हक्क आहेत. ब्रिटिश साम्राज्याबरोबर भारताचे नावही त्या करारात होते. ज्या सहीबद्दल तेव्हा कोणा भारतीयाला विचारले नसेल, ती शतकानंतर कामी येते आहे.

नी-ओलेसुंद हे एके काळी कोळशाच्या खाणीचे गाव. १९६२ मध्ये तिथल्या स्फोटात २१ कामगार गेले, पुढच्या वर्षी त्यावरून नॉर्वेचे सरकार पडले, खाण बंद झाली आणि गाव शास्त्रज्ञांचे झाले. आपली संस्था मुरगाव बंदराच्या माथ्यावर आहे आणि त्या बंदरात कोळसा उतरतो. त्याच्या धुळीबद्दल वास्कोकरांची तक्रार जुनी आहे. देशाच्या धोरणातही हा अंतर्विरोध आहेच. दक्षिणेत आपण खाणबंदीचे पाईक, तर उत्तरेत ओएनजीसी विदेशने २०१६ मध्ये रशियाच्या वांकोर तेलक्षेत्रात २६ टक्के वाटा घेतला, आणि ते क्षेत्र आर्क्टिक वृत्ताच्या आत आहे. मार्च २०२२ च्या आर्क्टिक धोरणात संशोधन आणि हवामानाच्या जोडीने अर्थकारणही आले आहे, आणि त्याची अंमलबजावणी बऱ्याच अंशी याच संस्थेकडे. हिमाद्रीतले संशोधक उत्तरेच्या बर्फाचा आणि आपल्या मान्सूनचा संबंध शोधतात. त्याच बर्फाच्या वितळण्यातून मोकळ्या होणाऱ्या जलमार्गाकडे दुसरे खाते आशेने पाहते. हे संस्थेचे दोष नव्हेत, पण तिच्या इतिहासातून वगळावेत असेही नाहीत.

६ ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रपतींची मोहोर उमटून भारतीय अंटार्क्टिक कायदा झाला. जिथे आपली इंचभर जमीन नाही तिथला हा कायदा. परवान्याशिवाय जायचे नाही, बाहेरची माती किंवा जीव न्यायचे नाहीत, कचरा टाकायचा नाही. अणुस्फोट केल्यास वीस वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि किमान पन्नास कोटींचा दंड. हे शेवटचे कलम वाचताना १९५६ ची ती मागे घेतलेली मागणी आठवावी. देखरेखीची समिती दिल्लीत, पण मोहिमांची प्रत्यक्ष माहिती देणारे दप्तर वास्कोचेच.

मे २०२४ मध्ये कोचीला कराराची सेहेचाळिसावी बैठक भरली, यजमानपणाचा भार मुख्यतः संस्थेवर होता आणि संचालक डॉ. थंबन मेलोथ यांची माणसे महिनोन्‌महिने त्यात गुंतली होती. एका हंगामात लाखाहून अधिक पर्यटक खंडाकडे जाऊ लागले आहेत. त्यांना नियम कोण लावणार, यावर तिथे कामाची सुरुवात झाली. कॅनडा आणि बेलारूसला मताधिकार मिळाला नाही, कारण इथे सारे निर्णय एकमताने होतात आणि युक्रेन युद्धाची सावली दक्षिण ध्रुवापर्यंत पोचली आहे. पूर्व अंटार्क्टिक आणि वेडेल समुद्रातल्या ज्या संरक्षित क्षेत्रांना भारताने २०२१ मध्ये पाठिंबा दिला, तीही रशिया आणि चीन यांच्या नकारामुळे अडून आहेत.

कोचीत भारताने ‘मैत्री-२’ बांधण्याचा बेत मांडला. जुनी मैत्री दहा वर्षे टिकेल या हिशेबाने बांधली होती, ती २०२४ पर्यंत पस्तीस वर्षे चालली होती. नवे केंद्र बांधण्याआधी पर्यावरण मूल्यमापन सगळ्या सदस्यांकडे जाईल आणि प्रत्येक जण त्यावर शेरे मारू शकेल. जुनी मैत्री उतरवून तिचे लोखंड, लाकूड, वायरी आणि डिझेलने भिजलेली माती जहाजात भरून आणावी लागेल. संस्थेच्या इंजिनिअरांच्या मते केंद्र बांधण्यापेक्षा हे काम अधिक किचकट आहे, आणि त्याची यादी करायला आत्ताच बसले पाहिजे.